गाडीच्या खिडक्यांना गोधडीचे पडदे

(सामुदायिक रेडिओवर महिला बचत गटांसाठी झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)

मी विलेपार्ल्याहून बोलते आहे. आमचा इथला शिवणकाम करणाऱ्या बायकांचा एक लहानसा गट आहे. परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे, पडदे असं आम्ही शिवतो. गेल्या काही दिवसांत आमच्याकडे एक नवं काम यायला लागलं आहे, ते म्हणजे गाडीच्या खिडक्यांचे पडदे. ही गाडी म्हणजे नेहमीची मोटार नव्हे. जिच्यात माणसं झोपतात, चहा करतात, दोन-चार दिवस राहतात अशी गाडी. तिला कॅराव्हॅन म्हणतात, कुणी कॅम्परव्हॅन म्हणतं. आपण तिला चाकावरचं घर म्हणू.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या हौशी लोकांचं काम, आम्हाला त्याचं काय? त्याचं उत्तर आधी देते, मग पडदे कसे करायचे ते सांगते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर, शौचालय असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करायला पाणी-वीज असलेल्या जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, असं त्यात धरलेलं आहे. या गाड्या पार्ल्यात राहत नाहीत. इथून निघतात आणि कोकणात, महाबळेश्वरला, भंडारदऱ्याला, तुमच्या गावाकडे येतात. पडदा फाटला, हुक तुटला, तर तो गावातच दुरुस्त व्हायला हवा. शिवाय चाकावरच्या खोल्या फक्त सहलीसाठी नसतात. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांसाठी बसमध्ये उद्योगाची शाळा चालवली आहे. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूलची बसमधली शाळा आहे. फिरते दवाखाने असतात, वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्या गाड्या असतात. अशा प्रत्येक गाडीत कधी ना कधी एखाद्या बाईला कपडे बदलायचे असतात, लेकराला पाजायचं असतं, दुपारी तासभर पडायचं असतं. तिथे पडदा लागतोच.

तयार विकत मिळणारे गाडीचे पडदे, चौकटीत सरकणारे, परदेशी बनावटीचे, फार महाग पडतात. त्या मानाने शिवलेला पडदा अगदी थोडक्यात होतो. त्यासाठी लागणारी कला तुमच्या हातात आहेच, कारण सगळ्यात चांगला गाडीचा पडदा म्हणजे एक छोटी गोधडी असते.

पडद्याने काय काय साधायचं असतं?

आधी हे ठरवायचं, कारण एकच पडदा सगळी कामं सारखीच चांगली करत नाही. कामं चार आहेत : ऊन अडवणं, उजेड अडवणं, बाहेरच्या नजरा अडवणं आणि डास अडवणं.

ऊन कसं आत येतं ते समजून घेऊ. सूर्याचा प्रकाश काचेतून सरळ आत येतो. आतल्या गादीवर, पत्र्यावर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंमधून जी उष्णता निघते, ती मात्र काचेतून तशी परत बाहेर जात नाही. म्हणून बंद गाडी भट्टीसारखी होते. यावरून एक साधा नियम निघतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर सगळ्यात उत्तम. काचेला लागून आतून अडवलं तर मध्यम. काचेपासून दूर, आत लोंबणाऱ्या पडद्याने अडवलं तर सगळ्यात कमी उपयोग.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. जुन्या पार्ल्यातल्या बैठ्या घरांच्या ओट्यांवर बांबूच्या काड्यांचे चिक बाहेरच्या बाजूने सोडलेले असत. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे ताटवे बाहेरून बांधतात आणि त्यावर पाणी मारतात. गाडीला बाहेरून काही बांधलं तर चोरीला जातं, वाऱ्याने उडतं. म्हणून गाडीसाठी आपण मधला मार्ग घेतो : काचेला आतून घट्ट बसणारा आणि बाहेरच्या बाजूने चकाकणारा पडदा. चकाकणारी बाजू प्रकाशाला उष्णता होण्याआधीच काचेतून माघारी पाठवते. याच कारणाने काळं कापड काचेला लावू नये. ते स्वतःच तापतं आणि काचही तापवतं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पडद्याने गाडी तापण्याचा वेग कमी होतो, गाडी थंड होत नाही. पडदे लावले आहेत म्हणून मुलाला बंद गाडीत झोपवून पाच मिनिटांसाठीही खाली उतरायचं नाही. गिऱ्हाइकाला पडदे देताना हे वाक्य आम्ही दर वेळी सांगतो. तुम्हीही सांगा.

काळी फिल्म का नको?

पुष्कळ गिऱ्हाइकं विचारतात, पडदे कशाला, काचेला काळी फिल्मच चिकटवू की. तेव्हा त्यांना कायदा सांगायचा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी गाडीच्या काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं काही साहित्य चिकटवायला मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. त्यानंतर नियमांत काही बदल झाले, पण ही ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम आहे.

फिल्मची दुसरी अडचण अशी की ती रात्री उपयोगाची नाही. आरशासारख्या फिल्ममधून दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री आत दिवा लावला की उलटं होतं. बाहेर अंधार, आत उजेड, आणि आतलं सगळं रस्त्यावरच्याला दिसतं. आतल्या बाईला मात्र काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून तिला वाटतं आपण झाकलेल्या आहोत.

तेव्हा आपला पडदा काढता-घालता येणारा हवा. गाडी उभी केली की लावायचा, निघायच्या आधी सगळे काढून गुंडाळून ठेवायचे. चालकासमोरची काच, त्याच्या दोन्ही बाजूंच्या काचा आणि मागची काच यांवर चालत्या गाडीत काहीही नको.

आणखी एक. आपण पडदे शिवतो, त्याने गाडीच्या नोंदणीत फरक पडत नाही. पण गाडीत पलंग, शेगडी, शौचालय बसवून तिचं रूप बदललं, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. पार्ल्याच्या गाड्यांसाठी ते अंधेरीचं कार्यालय, एमएच ०२ वालं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानकही आहे. हे काम मालकाचं, आपलं नव्हे. तरी विचारून घ्यावं, कारण ज्या गाडीचे कागद धड नाहीत तिचं काम अर्धवट राहतं आणि आपले पैसे अडकतात.

तीन तऱ्हेचे पडदे

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची, स्प्रिंगचा पडदा. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आपण लावतो तोच. गाडीत फरक एवढाच की स्प्रिंग वर एक आणि खाली एक अशा दोन लागतात. गाडीच्या भिंती सरळ उभ्या नसतात, वर जाताना आत कललेल्या असतात. नुसती वर स्प्रिंग लावली तर कापड काचेपासून दूर लोंबतं आणि गाडी हलली की झुलतं. म्हणून पडद्याला वर आणि खाली दोन्हीकडे नेफा करायचा. खिडकी ३६ इंच असेल तर स्प्रिंग ३२ ते ३३ इंच कापायची, म्हणजे ती ताणून बसते. कापड खिडकीच्या दीडपट रुंद घ्यायचं, म्हणजे चुण्या नीट पडतात. हा पडदा स्वस्त, पटकन होणारा, दिवसा नजर अडवायला चांगला. ऊन मात्र फारसं अडवत नाही.

दुसरी तऱ्हा घरात असतो तसा गुंडाळीचा पडदा. सरळ चौकोनी खिडकी असेल तर बसतो. पण गाडीच्या बहुतेक खिडक्यांचे कोपरे गोल असतात, तिथे बाजूने फटी राहतात. शिवाय त्याला ओढायची दोरी असते. लोंबत्या दोरीच्या फासात लहान मुलाचा गळा अडकू शकतो, म्हणून मुलं असलेल्या गाडीत हा पडदा आम्ही सुचवत नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे काचेत घट्ट बसणारी गादी, म्हणजेच आपली गोधडी. ऊन, उजेड, नजर, तिन्ही अडवणारी. मेहनत जास्त, पण गिऱ्हाईक पुन्हा येतं ते हिच्यासाठी. म्हणून हिची कृती सविस्तर सांगते.

गोधडीच्या पडद्याची कृती

सामान असं लागतं : चकाकणारी फुग्यांची शीट, कापड, गोटाची पट्टी, जाड दोरा आणि बसवायचं साहित्य. फुग्यांची शीट म्हणजे पत्र्याच्या छपराखाली उष्णता अडवायला लावतात ती, हवेचे फुगे असलेली, चंदेरी. कोंबड्यांच्या शेडसाठी, गोदामासाठी ती तालुक्याच्या ठिकाणीही मिळते. आम्ही कापड मंगलदास मार्केटमधून आणतो. तुम्ही आठवडी बाजारातलं केसमेंट किंवा जाड मांजरपाट घेतलंत तरी चालतं.

पहिलं काम, कागदाचा नमुना. गाडीच्या खिडकीचं माप नुसत्या टेपने घेऊ नका. दोन खिडक्या सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून मोठा कागद करा, तो आतून काचेवर लावा आणि रबराच्या कडेवरून बोट फिरवा. कागदावर वळ उमटतो. त्या वळावर कापा. कापलेला कागद पुन्हा काचेवर लावून बघा. प्रत्येक नमुन्यावर मोठ्या अक्षरात लिहा : डावी पहिली, डावी दुसरी, उजवी पहिली. वरची बाजू कुठली आणि काचेकडची बाजू कुठली, तेही लिहा. नाहीतर डावीकडचा पडदा उजवीकडचा होऊन बसतो.

दुसरं काम, शीट कापणं. नमुन्याच्या चारी बाजूंनी पाव इंच जास्त ठेवून शीट कापा. या पाव इंचामुळे पडदा रबराच्या खाचेत दाबून बसतो. कापड मात्र नमुन्यापेक्षा चारी बाजूंनी सव्वा इंच मोठं कापा. आपण कापडात माया सोडतो ना, तीच ही माया. सुती कापड कापण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नंतर आटलं तर सगळा पडदा चुरगळतो.

तिसरं काम, शिवण. चंदेरी बाजू काचेकडे, कापड आतल्या बाजूला. आता इथे गोधडीपेक्षा वेगळं करायचं आहे. गोधडीला आपण जवळजवळ धावदोरा घालतो. इथे तसं करू नका. जितके टाके तितके फुगे फुटतात आणि फुग्यातली हवा हीच तर उष्णता अडवते. कडेने सगळीकडे एक शिलाई आणि मधे उभ्या दोन शिलाया, एवढं पुरे. उभ्या शिलायांवर पडद्याची घडीही नीट पडते. मशीनला जाड सुई लावा, टाका लांब ठेवा. शीट दाबपट्टीखाली अडकत असेल तर तिच्यावर पातळ कागद ठेवून शिवा आणि मग कागद ओढून काढा.

चौथं काम, गोट. मोकळी शीट कडेने फाटते, म्हणून चारी बाजूंनी गोट हवाच. गोल कोपऱ्यांवर तिरक्या कापडाचा गोट घ्या, सरळ पट्टी तिथे उभी राहते.

सामान किती लागेल याचा हिशेब एका उदाहरणाने सांगते. समजा गाडीला आठ खिडक्या आहेत, प्रत्येक ३६ बाय २० इंच. चार फूट रुंदीच्या शीटमध्ये आडव्या दोन खिडक्या बसतात, म्हणजे चार ओळी. प्रत्येक ओळ साडेछत्तीस इंचांची. एकूण १४६ इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या आत. चार मीटर शीट आणा. ५८ इंच पन्ह्याचं कापड सव्वाचार मीटर पुरतं. गोट प्रत्येक खिडकीला ११४ इंच, आठ खिडक्यांना सव्वातेवीस मीटर, म्हणून २५ मीटर घ्या. मागच्या काचेचं माप वेगळं असतं, ते वेगळं धरा.

पडदा काचेला टिकवायचा कसा?

इथे फार जणींचं काम अडतं, कारण दुकानदार जे हातात ठेवेल ते घेतलं जातं. प्रत्येक साधनाचे गुण-दोष बघा.

रबराचे व्हॅक्यूम कप काचेला चिकटतात. स्वस्त आहेत. एका खिडकीला चार ते सहा लागतात. पण काचेवर धूळ असली किंवा ऊन फार झालं की सुटतात. मध्यरात्री पडदा आपोआप खाली पडणं कुणालाच नको असतं. काच धुऊन, कप किंचित ओला करून लावायला गिऱ्हाइकाला शिकवा.

लोहचुंबक खिडकीभोवती पोलादाचा पत्रा असेल तरच कामाचं. बऱ्याच गाड्यांत आतून प्लॅस्टिकचं किंवा फायबरचं आवरण असतं, तिथे चुंबक चिकटत नाही. म्हणून माप घ्यायला जाताना एक लहान चुंबक जवळ ठेवा आणि चौकटीला चारी बाजूंनी लावून बघा. चुंबक गोटाच्या आत खिसा करून पक्कं शिवा. सुटं चुंबक मुलाने गिळलं तर जिवावर बेततं, दोन गिळली तर ती आतड्यात एकमेकांना ओढतात.

वेल्क्रोची पट्टी पडद्याला शिवलेली टिकते. गाडीला चिकटवलेली बाजू मात्र उन्हाने गोंद पातळ होऊन सरकते. ती लावायची असेल तर जागा आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा आणि पट्टी लावल्यावर एक दिवस पडद्याचा भार टाकू नका.

टिचबटणं सगळ्यात पक्की, पण त्यांची दुसरी बाजू गाडीत स्क्रूने बसवावी लागते. इथे सांभाळा. गाडीच्या पत्र्याला आपण होऊन भोक पाडायचं नाही. आत विजेच्या तारा असतात, काही गाड्यांत खांबामध्ये हवेच्या पिशव्या असतात. शिवाय मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात भोकाभोवती पत्रा गंजतो. आतल्या आवरणाला मुळात असलेले स्क्रू सोडवून त्यांच्याखालीच बटणाची चकती बसवता येते. तेही गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

आमचा अनुभव असा की पाव इंच जास्त कापलेला पडदा रबरात दाबून बसला, तर वरच्या दोन कोपऱ्यांना दोन कप एवढंच पुरतं. आणि खालच्या कडेला मधोमध एक हातभर नको, चार बोटं लांब रंगीत पट्टी शिवा. ती ओढली की पडदा एका झटक्यात निघाला पाहिजे.

ही रंगीत पट्टी विसरू नका

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली. २५ माणसं गेली. जी थोडी वाचली, त्यांतली काही खिडकीची काच फोडून बाहेर पडली. गाडी उलटली, दार अडकलं, धूर झाला, तर खिडकी हेच दार असतं. म्हणून कुठलाही पडदा कायमचा ठोकायचा नाही. ज्या खिडकीवर संकटकाळी बाहेर पडायची खूण आहे, तिच्या पडद्यावर आतल्या बाजूने ती खूण लाल दोऱ्याने काढा. काच फोडायची हातोडी पडद्याच्या मागे झाकली जाणार नाही, हे बघा.

शेगडीजवळच्या खिडकीला कापडाचा पडदा नको. तिथे उघडी काच किंवा फक्त दिवसा काढता येईल अशी धातूची जाळी बरी. कापड कुठलं आहे हे कळायला एक जुनी परीक्षा आहे. दोन इंचांची चिंधी चिमट्यात धरून, उघड्यावर, पाण्याच्या बादलीवर पेटवा. सुती कापड कागदासारख्या वासाने जळतं आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, थेंब पडतात आणि निवल्यावर टणक मणी होतो. हे वितळलेलं थेंब कातडीला चिकटतात. सुती कापडही पेटतं, पण चिकटत नाही. भाड्याने चालणाऱ्या गाडीच्या मालकाने आग न पसरणारं कापड मागितलं, तर ते दाखला असलेलंच विकत घ्यावं लागतं. गाडीच्या आतल्या कापडासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. घरी फवारे मारून तसं कापड होत नाही, त्यामुळे तसं वचन देऊ नका.

आणि हवा. आपले पडदे घट्ट बसतात, हा त्यांचा गुण तसाच धोकाही. आत गॅस पेटवला तर दोन खिडक्या उघड्या हव्यात. कोळशाची शेगडी ऊब म्हणूनही आत नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेलं माणूस उठतच नाही. म्हणून आम्ही आठ खिडक्यांपैकी समोरासमोरच्या दोन खिडक्यांना गादीबरोबर जाळीचाही पडदा करून देतो. मच्छरदाणीचं कापड, कडेला गोट, चारी बाजूंनी वेल्क्रो. रात्री त्या दोन खिडक्यांवर जाळी लावायची, बाकीच्यांवर गादी.

रात्रीची परीक्षा आणि पावसाळ्याची काळजी

काम पूर्ण झालं असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी एक परीक्षा घ्या. अंधार पडल्यावर एका बाईने गाडीत दिवा लावून उभं राहायचं, हात हलवायचे, वाकायचं. दुसरीने बाहेरून गाडीभोवती फिरायचं. सावली दिसली, कोपऱ्यातून रेघ दिसली, तर तिथे खडूने खूण करा. पार्ल्यासारख्या ठिकाणी, हायवेच्या कडेला, समोरून गाड्यांचे दिवे सतत येतात, तिथे फटीतून येणारा उजेड झोप मोडतो. गावाकडे उलट असतं. बाहेर मिट्ट काळोख, त्यामुळे आतला लहानसा दिवाही लांबून दिसतो. पुढे बसायच्या जागेकडून सगळं उघडंच राहतं, म्हणून चालकाच्या पाठीमागे आडवा एक जाड पडदा करा. तो स्प्रिंगचा चालतो. गाडी सुरू करताना तो बाजूला सारून बांधून ठेवायचा.

पावसाळ्यात माणसांच्या श्वासाने काचेवर दव धरतं आणि पडद्याच्या मागे ओल राहते. पडदे सकाळी काढून काच पुसली नाही तर आठवड्याभरात गोटावर काळी बुरशी येते. चंदेरी बाजू ओल्या फडक्याने पुसायची, मशीनमध्ये धुवायची नाही. कापडाची बाजू साबणाच्या पाण्याने हाताने धुऊन सावलीत वाळवायची. ठेवताना गुंडाळी करायची, घडीवर घडी नको. गुंडाळ्या ठेवायला त्याच कापडाची एक लांब पिशवी शिवून द्या. उरलेल्या तुकड्यांत होते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

मजुरी धरा

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. भाव कसा ठरवायचा?

आपण बायका सामानाचे पैसे मोजतो, पण स्वतःचे तास मोजत नाही. घरीच शिवलं, मशीन आपलंच आहे, मग मजुरी कसली, असं म्हणतो. मग महिन्याने लक्षात येतं की गट राबला आणि खात्यात काहीच शिल्लक नाही. आठ खिडक्यांच्या गाडीचा हिशेब मी मांडून दाखवते. आकडे समजा म्हणून घेतले आहेत, तुमच्या बाजाराचे आकडे तुम्ही घाला.

समजा एका खिडकीचं सामान ३५० रुपये. आठ खिडक्यांचे २८०० रुपये. शिवायला प्रत्येकी दोन तास, म्हणजे १६ तास. माप घ्यायला, बसवायला आणि रात्रीच्या परीक्षेला चार तास. एकूण २० तास. तासाला ८० रुपये धरले तर मजुरी १६०० रुपये. दोरा, सुया, वीज, मशीनची झीज यांचे २०० रुपये. जाण्या-येण्याचे ३०० रुपये. झाले ४९०० रुपये. हा आपला खर्च. यावर २० टक्के, म्हणजे ९८० रुपये गटाचा नफा. एकूण ५८८० रुपये. म्हणजे एका खिडकीला ७३५ रुपये.

गिऱ्हाईक म्हणेल, ३५० चं सामान आणि ७३५ कसे? तेव्हा हा कागद त्याच्यासमोर ठेवा. कुठला आकडा कमी करायचा ते त्यालाच विचारा. सामान स्वस्त हवं असेल तर चार खिडक्यांना गादी आणि चार खिडक्यांना स्प्रिंगचा पडदा असा पर्याय द्या. पण तासाचा भाव कमी करू नका. निम्मे पैसे आगाऊ घ्या, कारण एका गाडीच्या मापाने कापलेला पडदा दुसऱ्या गाडीला बसत नाही. आणि कागदाचे नमुने फेकू नका. गाडीचं मॉडेल आणि साल लिहून गुंडाळून ठेवा. तीच गाडी पुन्हा आली की मापाचे तास वाचतात आणि तो नफा गटाचा राहतो. ट्रॅव्हलरसारख्या गाड्या सगळीकडे सारख्याच दिसतात. पुण्याच्या ज्या कंपनीमुळे टेम्पो हा शब्द आपल्या तोंडी बसला, तिचीच ही गाडी. तिचे नमुने एकदा जमले की पुष्कळ दिवस उपयोगी पडतात. तरी आतलं आवरण मालकाने बदललेलं असतं, म्हणून कापण्याआधी एकदा नमुना लावून बघाच.

आणि गाडी नाहीच आली, तर? मग हीच गोधडी पत्र्याच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला करा. दुपारी तीन वाजता ज्या खिडकीतून ऊन थेट अंगावर येतं, तिला. अंगणवाडीच्या खिडकीला करा. एक नमुना बचत गटाच्या बैठकीत लावून ठेवा आणि सगळ्यांना चकाकणाऱ्या बाजूच्या मागे हात धरून बघू द्या. पडद्याचा फरक सांगावा लागत नाही, हाताला कळतो.

तर येत्या बैठकीला जाताना जुनी वर्तमानपत्रं, कातर आणि एक लहान चुंबक घेऊन जा. गावात जी गाडी उभी असेल, मग ती दवाखान्याची असो की शाळेची, मालकाला विचारून तिच्या एका खिडकीचा नमुना कापून बघा. पहिल्या नमुन्याला अर्धा तास लागेल, चौथ्याला दहा मिनिटं. काम येईल तेव्हा हात तयार असतील.